गोधडीची कार्यशाळा आणि प्रदर्शन: कापड निवडण्यापासून दांडीवर टांगेपर्यंत

गोधडी शिकवायची म्हटलं की बहुतेक मंडळी थेट सुई-दोरा हातात देतात. धावदोरा, म्हणजे सुई वर-खाली करत पुढे जाणारा साधा टाका, कुणालाही दहा मिनिटांत येतो. गोधडी बिघडते ती त्याआधीच, म्हणजे कापड निवडताना, थर अंथरताना आणि कच्चे टाके (थर जागेवर धरणारे तात्पुरते लांब टाके) घालताना. म्हणून कार्यशाळेचा पहिला अर्धा वेळ या तीन कामांना द्यावा. शिकणाऱ्यांना कंटाळा येतो, "शिवायला कधी बसायचं?" असं विचारलं जातं. विचारू द्यावं.

गोधडी, वाकळ, बाळाचं दुपटं, सीमाभागातली कौदी, कर्नाटकातल्या उत्तर कन्नडमधल्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकी) बायकांची कवंदी: नावं, जाडी आणि शिलाईची दिशा बदलते, पण पद्धत तीच आहे. वापरून मऊ झालेल्या कापडाचे थर एकावर एक ठेवायचे आणि धावदोऱ्याने एकजीव करायचे. इथे दोन कामांची माहिती आहे. एका दिवसाच्या वर्गासाठी प्रत्येकाचं स्वतंत्र ५० × ५० सेंटिमीटरचं आसन, आणि दोन-तीन दिवस हाताशी असतील तर आठ जणांनी मिळून शिवायची एक पूर्ण गोधडी. शेवटी ती लोकांसमोर कशी मांडायची तेही सांगितलं आहे.

कापड

कार्यशाळेच्या दोन आठवडे आधी लोकांकडून कापड मागवा आणि मागतानाच स्पष्ट लिहा: जुनं, धुतलेलं, सुती. तरी येणाऱ्या गठ्ठ्यात निम्मं टेरिकॉट आणि सिंथेटिक साड्या असतातच. ओळखायला एक दोरा ओढून काढा आणि पाण्याच्या ताटलीवर धरून पेटवा. सुती दोरा कागदासारखा वास देत जळतो आणि बोटात चुरडली जाणारी राख मागे राहते. पॉलिएस्टर वितळून आक्रसतं आणि काळा कडक मणी राहतो. मिश्र कापडात दोन्ही दिसतं.

सिंथेटिक कापड गोधडीत का नको? ते घाम शोषत नाही हे एक. शिवणाऱ्याच्या दृष्टीने मोठं कारण म्हणजे ते घसरतं. सुती थर एकमेकांना धरून बसतात. मध्ये एक नायलॉनची साडी आली की वरचे थर तिच्यावरून सरकतात आणि कितीही टाचलं तरी चुण्या पडतात. रंगासाठी एखादा तुकडा वापरायचाच असेल तर वरून ठिगळ म्हणून लावा, आतल्या थरात घालू नका.

दुसरी परीक्षा झिजेची. कापड खिडकीसमोर धरा. जिथून उजेड जास्त येतो तिथे सूत विरलंय. मग दोन्ही अंगठे शेजारी ठेवून कापड उभं-आडवं ओढा. चर्र आवाज आला तर तो भाग बाद. साडी निऱ्यांच्या खालच्या भागात आणि बसण्याच्या जागी आधी विरते, नऊवारी काष्ट्याच्या पट्ट्यात. पदर आणि काठ बहुधा धड असतात. एका जुन्या साडीतलं साधारण ६५ ते ७० टक्के कापडच कामाचं निघतं, हिशेब करताना हे धरून चाला.

तिसरी परीक्षा रंगाची. ओल्या पांढऱ्या फडक्याने कापड जोरात घासा. फडक्याला रंग लागला तर ते कापड वेगळं भिजवा, आणि तीन पाण्यांनंतरही रंग सुटत असेल तर ठेवून द्या. गडद लाल आणि काळा हे नेहमीचे गुन्हेगार. पांढऱ्या धोतराशेजारी असा तुकडा लावला की पहिल्या धुण्यात गोधडी गुलाबी होते, आणि तोवर शंभर मीटर शिलाई घालून झालेली असते.

नवं सुती कापड वापरायचं असेल तर आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. नवं सूत पहिल्या धुण्यात मीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर आटू शकतं, जुनं आधीच आटलेलं असतं. दोन्ही एकत्र शिवले तर धुतल्यावर जुना थर फुगून वर येतो.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांना सुती लुगडी मिळणं अवघड जातं. तिथे जुने कुर्ते, सुती शर्ट, पातळ पडदे, मलमलीच्या ओढण्या चालतात. घट्ट विणीच्या नव्या चादरी मात्र टाळा. पाच थरांतून सुई ओढताना बोटं सोलतात.

साहित्य

बारा जणांच्या एका दिवसाच्या वर्गाला एवढं लागतं:

- सुती साड्या ६. वरच्या-खालच्या कापडांसाठी ५४ × ५४ सेंटिमीटरचे २४ तुकडे आणि आतल्या थरांसाठी ५० × ५० चे ४८ तुकडे निघायला हव्यात. सहावी साडी ठिगळांसाठी.
- जाड सुती दोरा, माणशी २५ मीटर, म्हणजे एकूण ३०० मीटर. क्रोशाचा बारीक दोरा चांगला चालतो. मशीनचा दोरा एकेरी वापरला तर तुटतो, दुहेरी घेतला तर गुंततो.
- कच्च्या टाक्यांसाठी वेगळ्या, ठळक रंगाचा स्वस्त दोरा.
- पाच ते सहा सेंटिमीटर लांबीच्या, मोठ्या नेढ्याच्या सुया, माणशी दोन. दाभण नको, ते पोत्यासाठी. त्याने जुन्या कापडाला भोकं पडतात आणि ती मिटत नाहीत.
- अंगुस्तान (सुई ढकलताना बोटात घालायची टोपी) माणशी एक. लोक आधी नको म्हणतात, दुपारनंतर मागतात.
- तिघांत एक कात्री, शिंप्याचा खडू, मोजपट्टी, मेणाचा तुकडा, टाचण्या, इस्त्री.
- एक लोहचुंबक.

चुंबक कशासाठी ते सांगायला हवं. सकाळी सुया मोजून द्यायच्या, संध्याकाळी मोजून घ्यायच्या. एक जरी कमी आली तर चुंबक फिरवून ती सापडेपर्यंत कुणाचंही काम घरी जाऊ द्यायचं नाही. ज्यावर कुणी बसणार, कदाचित बाळ झोपणार, त्यात सुई राहून चालत नाही.

वर्ग सकाळी साडेदहा ते साडेचार ठेवा. गोधडीचं काम दिवसाच्या उजेडात करायचं असतं, ट्यूबलाइटखाली गडद कापडावरचा टाका दिसत नाही. जमिनीवर सतरंजी, भिंतीला टेकता येईल अशी बसायची जागा, आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी दोन टेबलं. चष्मा घेऊन या, हे निमंत्रणातच लिहा. चहा वेगळ्या खोलीत.

शिकवायला गावातली किंवा वस्तीतली गोधड्या शिवणारी बाई बोलावत असाल तर तिला मंचावर खुर्ची देऊ नका. सतरंजीवर बारा जणांच्या मध्ये बसवा. हात बघूनच हे काम कळतं आणि हात दोन फुटांवरूनच दिसतो. बोलणं, माहिती देणं, वेळ सांभाळणं यासाठी दुसरं माणूस ठेवा. तिचं मानधन आधी ठरवा आणि त्याच दिवशी द्या. शाल-श्रीफळ हे मानधन नव्हे.

आसन: थर आणि कच्चे टाके

खालचं ५४ सेंटिमीटरचं कापड उलट बाजू वर करून अंथरा. हाताने मधून कडेकडे सारखं करा. ताणू नका. ताणून टाचलेलं कापड सोडल्यावर आखडतं आणि त्याच्या वरचे थर फुगतात. त्यावर आतले चार थर एकेक करून ठेवा, चारी बाजूंनी दोन सेंटिमीटर खालचं कापड मोकळं राहील असे. चारही थरांचे कोपरे एक सेंटिमीटर तिरके कापा. हे केलं नाही तर दुमडल्यावर कोपऱ्यात इतके पदर जमतात की सुई जात नाही. मग वरचं कापड सुलट ठेवा.

विरलेले भाग एकाखाली एक येत नाहीत ना, ते बघा. येत असतील तर एक थर पाव वळण फिरवा.

आता कच्चे टाके. मधोमध उभी एक ओळ, मधोमध आडवी एक ओळ, मग दोन्ही दिशांनी दर १२ ते १५ सेंटिमीटरवर एक. टाके तीन-चार सेंटिमीटर लांब. सुरुवात नेहमी मधून, बाहेरच्या दिशेने, म्हणजे जास्तीचं कापड कडेला निघून जातं. कडेकडून मध्ये आलात तर ते मध्ये कोंडतं आणि झोळ येतो. एकदा आलेला झोळ शिवून जिरत नाही. दोन सुरकुत्यांची चार होतात, एवढंच.

टाचण्यांवर भागवू नका. आसनात भागतं असं वाटतं, पण मांडीवर घेऊन शिवताना टाचण्या निघतात आणि टोचतात.

कच्चे टाके झाले की आसन उलटं करा आणि तळहाताने खालचं कापड चाचपा. सैल वाटलं तर याच वेळी उसवून परत घाला. पाच मिनिटांचं काम आहे. नंतर तासाचं होतं.

कड आणि धावदोरा

आसन लहान असल्यामुळे कड आधी बंद केली तरी चालते. खालच्या कापडाची दोन सेंटिमीटर कड आतल्या थरांवर दुमडा, वरच्या कापडाची कड आत दुमडा, दोन्ही दुमडी समोरासमोर आणा आणि कडेपासून अर्ध्या सेंटिमीटरवर धावदोरा घाला. साडीचा काठ लावायचा असेल तर सहा सेंटिमीटर रुंद पट्टी कापून, मधून दुमडून, कडेवर बसवा. जरीचा काठ दिसायला छान, पण जुनी जर तुटून टोचते. बसायच्या आणि पांघरायच्या वस्तूला सुती काठच बरा.

दोरा कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत जेवढा होतो त्याच्या दीडपट, म्हणजे ६५ ते ७० सेंटिमीटर. याहून लांब घेतला की पीळ पडून गाठी होतात आणि प्रत्येक ओढीला कापडातून घासून शेवटचा भाग विसविशीत होतो. तरी सगळे लांबच घेतात, पुन्हा ओवायचा कंटाळा म्हणून. ओवण्याआधी दोरा एकदा मेणावरून ओढा. रिळावरून कापलेल्या टोकाला गाठ मारा.

गाठ आत लपवायची. ओळ सुरू होते तिथून दोन सेंटिमीटर अलीकडे सुई फक्त वरच्या थरात घाला, ओळीच्या सुरुवातीला वर काढा आणि हलका झटका द्या. गाठ टप्पकन आत जाते. शेवटीही तसंच: दोन बारीक उलटे टाके, मग सुई थरांच्या मधून दोन सेंटिमीटर पुढे नेऊन दोरा कापा.

टाका तांदळाच्या दाण्याएवढा. सुईवर एका वेळी तीन-चार टाके घ्या आणि मग ओढा. एकेक टाका घेतला तर ओळ वाकडी जाते आणि वेळ दुप्पट लागतो. डाव्या हाताचं बोट कापडाखाली ठेवा. प्रत्येक टाक्याला सुईचं टोक त्या बोटाला जाणवलं पाहिजे. जाणवलं नाही तर खालचा थर सुटला. नवख्यांची सर्वांत मोठी चूक हीच: वरून ओळ सुरेख आणि मागे दर चौथा टाका गायब. म्हणून पहिल्या पाच ओळी प्रत्येक ओळीनंतर आसन उलटून बघायला लावा.

दुसरी चूक दोरा आवळण्याची. दोरा कापडावर टेकला की थांबायचं. ओळ संपल्यावर अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून ती एकदा सरळ करा आणि पट्टीने मोजा. ५० सेंटिमीटरची ओळ ४९ च्या खाली आली असेल तर हात घट्ट आहे. उसवण्याची गरज नाही. शेवटच्या गाठीआधी कापड दोन्ही टोकांना धरून हलकं ओढलं की दोरा सरकून जागेवर येतो. गाठ मारल्यावर मात्र काही करता येत नाही.

ओळींमध्ये दोन सेंटिमीटर अंतर. ५० सेंटिमीटरच्या चौकोनात साडेबारा मीटर शिलाई होते, कडेची दोन मीटर धरून साडेचौदा. नवख्या हाताला मीटरभर ओळीला दहा-बारा मिनिटं लागतात, म्हणजे अडीच ते तीन तास. सकाळी कापड आणि कच्चे टाके, जेवणानंतर शिलाई, असं बसवलं की दिवसात काम होतं. कुणी मागे राहिलं तर ओळी तीन सेंटिमीटरवर न्याव्यात. त्याहून लांब नेल्या तर धुतल्यावर आतले थर गोळा होतात.

सरळ ओळी घालायच्या की चौकटीत चौकट? चौकटीची शिलाई पारंपरिक आहे: कडेपासून सुरुवात करून फिरत फिरत मध्यापर्यंत. दिसायला ती देखणी, पण प्रत्येक फेरीला थोडं कापड मध्याकडे सरकतं. सराईत हात ते टाक्याटाक्यात जिरवत जातो. पहिल्यांदा शिकणाऱ्यांना सरळ ओळी द्या, मधल्या ओळीपासून सुरू करून दोन्ही बाजूंना. चौकट दुसऱ्या वेळी.

आठ जणांची एक गोधडी

नऊवारी लुगडं साधारण ८.२ मीटर लांब आणि एक मीटरहून थोडं जास्त रुंद असतं. लांबीत त्याच्या चार घड्या घातल्या की २०५ सेंटिमीटर लांब आणि सुमारे ११० रुंद चार थर तयार होतात, काही न कापता. एका माणसाच्या पांघरुणाचं हे माप आहे. त्याला वरून आणि खालून एकेक कापड लावलं की सहा थरांची, किलोभर वजनाची गोधडी होते. विदर्भातल्या थंडीला पुरते, मुंबईत जड वाटेल. कोकणात आणि मुंबईत लुगड्याचे दोनच थर वापरावेत.

घडी घालताना विरलेला पट्टा दुसऱ्या विरलेल्या पट्ट्यावर आला तर मध्ये धोतराचा तुकडा घाला, त्याच्या कडा न दुमडता. दुमडल्या तर तिथे उंचवटा कायम राहतो.

वरचं कापड ठिगळांचं करायचं असेल तर प्रत्येकाने घरून एक तुकडा आणावा. तुकडे २० ते ३० सेंटिमीटरचे ठेवा, लहान तुकड्यांत शिवणी वाढतात आणि शिवणींवर सुई अडते. कडा एक सेंटिमीटर दुमडून जोडा. तयार कापड २१५ × १२० असू द्या, हातशिलाईने मीटरमागे दोन-तीन सेंटिमीटर आटतं. वरच्या आणि खालच्या कापडाच्या शिवणी एकाखाली एक येऊ देऊ नका.

अंथरायला आठ फूट मोकळी जमीन लागते. खाली सतरंजी, कोपऱ्यांवर वजन. कच्चे टाके दर २० सेंटिमीटरवर, उभे-आडवे. ते पूर्ण होईपर्यंत गोधडी उचलायची नाही. कच्च्या टाक्यांनंतर लगेच भरायला घेऊ नका. आधी लांबीत मधोमध एक पक्की धावदोऱ्याची ओळ, मग तिच्या दोन्ही बाजूंना दर २५ सेंटिमीटरवर एकेक. या ओळींनी गोधडी पट्ट्यांत बांधली जाते आणि एका बाजूने कुणी घट्ट शिवलं तरी झोळ दुसऱ्या पट्टीत जात नाही. कड सर्वांत शेवटी: एवढ्या मोठ्या कापडात थर कडेकडे सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर सरकतातच, कड आधी मारली तर ते आत कोंडतात.

बसायची जागा: लांब बाजूंना तीन-तीन, रुंदीला एकेक. हात मध्यापर्यंत पोचत नाही, म्हणून जुन्या बायका गोधडीवरच बसून शिवतात. अंगाच्या वजनाने कापड आपोआप धरलं जातं. ज्यांना ते जमत नाही त्यांनी कड गुंडाळून मांडीवर घ्यावी.

ओळी दोन सेंटिमीटरवर धरल्या तर एकूण शिलाई ११३ मीटरच्या आसपास. टाक्यांत दोरा शिलाईच्या लांबीच्या सव्वापट धरा. गाठी आणि टोकं वाया जातात ती वेगळी. २०० मीटर दोरा एकाच वेळी, एकाच दुकानातून घ्या, पांढऱ्या दोऱ्याच्यासुद्धा छटा वेगळ्या निघतात. आठ जणांना मिळून अडीच-तीन तास असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात ओवणं, उसवणं, गप्पा धरून दोन दुपारी धरा.

आठ हात म्हणजे आठ प्रकारचे टाके. तासाभराने सगळ्यांनी जागा बदलाव्यात, म्हणजे एकाच्या घट्ट हाताचा कोपरा तयार होत नाही. टाके सारखे दिसावेत म्हणून कुणाचं उसवू नका. मागचा थर सुटलाय किंवा दोरा आवळलाय, या दोनच कारणांसाठी उसवायचं.

जुनी गोधडी दुरुस्त करायची तर

वर्गाला लोक हमखास घरची फाटकी गोधडी घेऊन येतात. ठिगळ जुन्याच कापडाचं लावा. नवं कापड कडक असतं, ते टिकतं आणि त्याच्या कडेने जुनं फाटतं. भोकापेक्षा चारी बाजूंनी तीन सेंटिमीटर मोठं, कडा दुमडून, सगळ्या थरांतून शिवा. गोधडी सगळीकडूनच विरली असेल तर तिला दोन्ही बाजूंनी नवं कापड लावून पुन्हा शिवण्याची रीत आहे, जुनी गोधडी आतला थर होते. फक्त वजन बघा. अडीच किलोच्या वरची गोधडी भिजली की एकट्याने उचलवत नाही.

धुताना थंड पाण्यात, सौम्य साबणात किंवा रिठ्यात वीस मिनिटं. पिळायची नाही, दाबून पाणी काढायचं. एका दोरीवर टाकली तर पाण्याच्या भाराने मधले टाके ताणतात. दोन समांतर दोऱ्यांवर पसरा, उलट बाजू उन्हाकडे.

प्रदर्शन

मुंबईतलं महालक्ष्मी सरस किंवा पुण्यातली भीमथडी जत्रा इथे बचतगट विक्रीसाठी माल मांडतात. तिथली मांडणी घडी घालून, थप्पी लावून असते आणि ते बरोबरच आहे. शाळेच्या सभागृहात, वाचनालयात किंवा मंडळाच्या हॉलमध्ये वस्तीतल्या गोधड्या दाखवायच्या असतील तर त्या उलगडून दिसायला हव्यात, आणि मागची बाजूसुद्धा. शिवणारीची खरी परीक्षा मागेच असते.

म्हणून भिंतीला टेकवू नका. खोलीच्या मध्ये, दोन्ही बाजूंनी फिरता येईल अशा टांगा. यासाठी गोधडीच्या मागे वरच्या कडेला दहा-बारा सेंटिमीटर रुंद सुती कापडाची नळी शिवा. टाके फक्त मागच्या एक-दोन थरांतून घ्या, वरून दिसता कामा नयेत, आणि नंतर उसवता आले पाहिजेत. त्यातून बांबू किंवा पडद्याची दांडी घाला. बांबू असेल तर त्यावर आधी कापड गुंडाळा, नाहीतर डाग पडतात. वरची कड सव्वादोन ते अडीच मीटरवर, खालची जमिनीपासून निदान २० सेंटिमीटर वर. चिमटे, खिळे, टाचण्या, चिकटपट्टी यांपैकी काही नाही. दोन चिमट्यांवर किलोभर वजन तोललं की जुनं कापड तिथेच फाटतं.

फार जुनी, विरलेली गोधडी टांगूच नका. ती बाजेवर किंवा टेबलावर अंथरा, खाली धुतलेली चादर घालून. मांडलेल्या कुठल्याही गोधडीवर थेट ऊन येऊ नये, तीन दिवसांतसुद्धा खिडकीजवळच्या घडीवर रेघ उठू शकते.

लोक हात लावणारच. "हात लावू नये" अशा पाट्यांपेक्षा एक सोय चांगली चालते: दाराजवळ एक मजबूत गोधडी "हात लावून बघा" म्हणून ठेवा, शेजारी एक अर्धवट शिवलेलं आसन, सुई-दोऱ्यासकट, दोन टाके घालून बघायला. गर्दी तिथे थांबते आणि बाकीच्या गोधड्या वाचतात.

घराघरांतून आणलेल्या गोधड्या आत आणण्याआधी प्रत्येकीच्या कडा आणि शिवणी ढेकणांसाठी तपासा. काळे ठिपके दिसले तर ती गोधडी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून वेगळी ठेवा. एक ढेकूण सगळं प्रदर्शन संपवतो. बाकीच्यांना दोन दिवस ऊन द्या. डांबराच्या गोळ्या ठेवायच्याच असतील तर कापडाला थेट लागणार नाहीत अशा पुरचुंडीत. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, असं प्रदर्शन घेऊ नये. बुरशीचे डाग जात नाहीत. गोधड्या शिवण्याचं आणि उन्हं देण्याचं काम पूर्वापार उन्हाळ्यातलंच आहे.

प्रत्येक गोधडीजवळ एक चिठ्ठी: शिवणारीचं नाव (तिची परवानगी असेल तर), गाव, कोणकोणतं कापड आत आहे, किती थर, साधारण वर्ष, विकायची आहे की नाही. "पारंपरिक कलाकृती" असं लिहून काही कळत नाही. "सासूचं इरकल लुगडं, दोन धोतरं, परकर" असं लिहिलं की माणसं थांबून शोधायला लागतात.

किंमत लावताना तास मोजा. वर दिलेल्या मापाच्या गोधडीला सराईत हातालासुद्धा शिलाईचे बारा-पंधरा तास आणि तयारीचे चार-पाच लागतात. त्याला गावातल्या रोजंदारीने गुणा, दोरा-कापडाचा खर्च घाला आणि तो आकडा शिवणारीसमोर मांडा. बहुतेक जणी स्वतः याच्या निम्मी किंमत सांगतात. गिऱ्हाईकाने घासाघीस केली तर चिठ्ठीच्या मागे लिहिलेले तास दाखवावेत.

प्रदर्शन संपल्यावर नळ्या उसवून घ्या, गोधड्या घडी न घालता जुन्या चादरीसकट गुंडाळा. गोधड्या घेताना नोंदवहीत सही घेतलीत तशी परत करतानाही घ्या, आणि आणताना कुठे फाटली होती ते आधीच लिहून, फोटो काढून ठेवा. "आमची अशी नव्हती" हा वाद दरवेळी एकदा तरी होतो.